शिरोड्याचं मीठ आणि तुमचा लाइट

आमच्या बंदरावरच्या लाइटवाल्या बोटमालक मंडळींनो,

रामराम. परवा सोसायटीच्या सभेत मी उठून काही बोललो नाही, कारण मला सभेत बोलता येत नाही, आवाज चढतो आणि मग मुद्दा राहतो बाजूला. घरी आलो, जेवलो, पडवीत आडवा झालो, पण झोप काय येईना. डोक्यात तुमच्यातल्याच एका काकांचं वाक्य फिरत होतं. कुणीतरी त्यांना म्हणालं की रात्री एलईडी दिवे लावून मासे मारायला बंदी आहे, कायदा आहे, तर काका खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "गांधींनीपण कायदो मोडलोच ना शिरोड्यात, मगे आमी मोडलो तर काय झाला?" अर्धी सभा हसली. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू, वाक्य टाळीचंच होतं.

पण रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहिल्यावर वाटलं की याला कुणीतरी उत्तर दिलं पाहिजे, आणि ते तोंडी नको, लिहूनच.

आधी एक बारीक दुरुस्ती. काकानू, गांधीजी शिरोड्यात नव्हतेच. त्यांना ५ मे १९३० ला अटक झाली आणि शिरोड्याच्या मिठागरांवरचा सत्याग्रह झाला १२ मेला. म्हणजे गांधी आत असताना इकडे आपल्या वेंगुर्ले तालुक्यात लोकांनी तो केला. अर्थात याने तुमचा मुद्दा पडत नाही, कायदा मोडला हे खरंच आहे. १८८२ चा मिठाचा कायदा होता, सरकारच्या परवानगीशिवाय कुणी मीठ करायचं नाही, विकायचं नाही, आणि जे घ्याल त्यावर कर भरायचा. ज्याच्या दारात खारट पाणी आपोआप सुकून मीठ होतंय त्यानेसुद्धा ते उचललं तर गुन्हा.

पण तो मोडला कसा ते बघा ना. गांधीजींनी २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहून सांगितलं की मी तुमचा कायदा मोडणार आहे. मग साबरमतीहून २४ दिवस चालत, वाटेत गावागावात थांबत, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. चोवीस दिवस! पोलिसांना बैलगाडीने यायलासुद्धा वेळ होता. शिरोड्यालाही तसंच, भर दिवसा, नाव लपवायचं नाही, मारायला आले तर हात उचलायचा नाही, धरलं तर गुपचूप गाडीत बसायचं. त्याच्या आधी १९२२ ला अहमदाबादच्या खटल्यात तर गांधीजींनी जजला सांगितलं की गुन्हा कबूल आहे, असेल ती मोठ्यात मोठी शिक्षा द्या, आणि त्या माणसाने सहा वर्षं दिली.

आता तुमचं सांगतो. अवसेच्या आसपासच्या रात्री निघायचं. बोटीचं नाव आणि नंबर जिथे रंगवलाय तिथे ताडपत्री सोडायची. गस्तीची बोट कुठे आहे त्याचे फोन आधीच येऊन बसलेले असतात (कुणाचे येतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही). आणि पकडलं की पहिलं वाक्य काय? लाइट माझा नाय, त्या दुसऱ्या बोटीचा. यात शिरोडा कुठे आला हो काका?

पत्र खुलं आहे, वाचणारे घाटावरचे पण असतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल टाकायचं जाळं, खालच्या कडेला कड्या आणि दोर, दोर ओढला की बटव्याची नाडी ओढल्यासारखं तळातून बंद. एकदा बंद झालं की आतलं लहान मोठं सगळं आलं. यात एलईडी घातला की काय होतं, तर थवा शोधायची पण गरज राहत नाही, जनरेटरवर मोठाले दिवे लावायचे, काळोखात त्या उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्या मागे तारली, बांगडा, म्हाकूल, आणि त्यांच्या मागे त्यांना खाणारे मोठे. समुद्रच चालत येतो दाराशी. पूर्णिमेला हे तितकं चालत नाही कारण वर चंद्राचा उजेड असतोच, म्हणून धंदा अवसेचा. आमचं गिलनेट म्हणजे याच्या उलट, संध्याकाळी जाळं सोडून ठेवायचं, पहाटे ओढायचं, जाळ्याचा आस म्हणजे भोक जेवढं तेवढाच मासा कल्ल्यात अडकणार, बारका पार होऊन जाणार. तुम्ही रात्री उजेड लावून पाणी झाडून नेल्यावर पहाटे आमच्या जाळ्यात काय येतं ते जेटीवर येऊन एकदा बघा, खेकडे आणि प्लॅस्टिक.

मला मुद्दा वाटतो तो हा. मीठ उचललं तेव्हा नुकसान कुणाचं झालं, सरकारच्या कराचं. लाइट लावला की नुकसान कुणाचं, शेजारच्या होडीचं. दोन्हीला कायदा मोडणं हा एकच शब्द आहे म्हणून दोन्ही एकच काम होत नाही. विहिरीतून पाणी काढणं आणि शेजाऱ्याच्या हंड्यातून पाणी काढणं दोन्हीला पाणी काढणंच म्हणतात.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जो सभेत नाही पण जेटीवर चहा पिताना निघतो. दंड भरतो ना आम्ही, मग? इथे मला जरा थांबायचंय कारण मला वाटतं खरी गोची इथेच आहे. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, जुना दंड अगदीच किरकोळ होता, मग २०२१ ला तो सुधारला आणि एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आला. आम्हाला वाटलं आता थांबेल. थांबलं नाही, तुमच्या खर्चाच्या वहीत एक ओळ वाढली फक्त. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा पगार, दंड. मी स्वतः ऐकलंय, सीझनला एकदा पकडलो तर परवडतं, दोनदा पकडलो तर नाही. म्हणजे तुम्ही दंडाला दंड मानतच नाही, भाडं मानता. दुकानात किंमत विचारून वस्तू घ्यावी तसं. पण कायद्याने लाइट विकायला ठेवलेला नाहीये हो. त्याने सांगितलंय लावू नका, आणि लावलात तर हे भोगा. भोगलं म्हणजे लावायची परवानगी मिळाली असं कुठे लिहिलंय? एखाद्याने आपल्या पोराला कानाखाली मारली आणि वर हजार रुपये हातात ठेवले तर हिशोब मिटला असं आपण म्हणू का.

बाराच्या बाहेरचं पण एकदा मिटवून टाकू. आम्ही किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांच्या बाहेर मारतो, तिथे राज्याचा कायदा नाही, हे तुमचं आवडतं. बारा नॉटिकल म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, तिथपर्यंत राज्याचं आणि पुढे दोनशेपर्यंत केंद्राचं हे बरोबर. पण केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ लाच आदेश काढून तिथेही एलईडी बंद केलाय. म्हणजे रेघेच्या अलीकडे एकाचा कायदा मोडता, पलीकडे दुसऱ्याचा. कायदा नाही अशी जागा आपल्या समोरच्या पाण्यात तरी नाही.

तुम्ही म्हणाल हा मोठा शहाणा. म्हणून माझंही सांगतो, नाहीतर हे पत्र लिहायचा मला काही अधिकार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, माझी जाळी गेली, होडीची एक फळी फुटली, घरावरची कौलं तर मोजायची सोयच नव्हती. दोन महिने उसनवारीवर काढले. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि आम्ही बसलोय किनाऱ्यावर. २७ जुलैला समुद्र जरा शांत दिसला. चारच दिवस राहिले होते. बंदीत बिनयंत्राच्या होडीला मुभा असते हे तुम्हाला माहितीये, मी वल्ही होडीत दिसतील अशी ठेवली आणि आउटबोर्ड इंजिन ताडपत्रीखाली. हो, ताडपत्री माझ्याकडेपण आहे. गेलो, जाळं टाकलं, बांगडा लागला, पहाटे परत आलो, कुणी बघितलं नाही. आईने आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, पहिला बांगडा कापला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांच्या पोटात गाबोळी आसा रे." गाबोळी म्हणजे अंडी. बस, एवढंच. पुढे काही बोलली नाही, आमटी केली, आम्ही जेवलो, मासे विकले त्याचे किराणावाल्याला दिले.

मला दंड झाला नाही. कुठल्या रजिस्टरला माझं नाव नाही. सरकारच्या हिशोबात मी त्या दिवशी घरी झोपलो होतो. तरी ती बंदी मी मोडलीच ना. बंदी का आहे ते मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडल्याशिवाय आजोबा दर्यात होडी घालायचे नाहीत तेव्हा कुठला आदेश होता? गरज होती म्हणून केलं, आणि गरज खरी होती, पण गरज होती म्हणून ते बरोबर होतं असं मी स्वतःला आजही सांगू शकत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. मला हे समजायला आईची ती एक ओळ लागली, आणि सोसायटीला हे मी आज पहिल्यांदा सांगतोय, ज्यांना कारवाई करायचीय त्यांनी खुशाल करावी.

सगळं मोडणं एका तराजूत घालू नये हेही मला मान्य आहे. माझं लायसन एकदा दोन महिने रिन्यू करायचं राहिलं होतं, फाइल टेबलावर पडून होती, त्यात माझाही आळस होताच. तो नियम मोडला, पण त्याने समुद्रातला एक पेडवासुद्धा कमी झाला नाही. बँकेचा हप्ता थकला तर तो करार मोडला, त्यासाठी बँक नोटीस काढेल, जप्ती आणेल, पण फक्त हप्ता थकला म्हणून कुणी चोर होत नाही, घरी येणारा वसुलीवाला कितीही डोळे वटारू दे. हेल्मेट न घालता कुडाळला गेलो तर डोकं माझंच फुटणार. आणि लाइट लावला तर फुटतं कुणाचं? एवढं एक विचारलं ना की बरंचसं कळतं, वकील लागत नाही.

आमच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी. गेल्या सीझनला आमच्या लोकांनी तुमची एक बोट पाण्यात घेरून बंदरात आणली. तिथपर्यंत ठीक, बोलावलेले अधिकारी येईनात म्हणून आणली. पण मग खलाशांना मारलं. खलाशी कोण, तर नेपाळातली पोरं, एकाला तर पोहताही येत नव्हतं म्हणे, त्यांना लाइट कायदेशीर की बेकायदेशीर काय कळणार, मालक सांगेल तिथे बटण दाबायचं. मालक घरी एसीत, मार खाल्ला पोराने. आणि आमच्यातले काही जण त्याला आंदोलन म्हणाले! मी तिथे होतो. मी मारलं नाही पण अडवलंही नाही. काकांना शिरोडा आठवला तसा आम्हालाही आमच्या सोयीचा आठवतो.

आणि कोकणातच बघायचं तर नुसता शिरोडा कशाला बघायचा, महाड पण कोकणातच आहे. चवदार तळ्याचं प्रकरण मला शाळेत नीट कुणी सांगितलं नाही, पुढे वाचलं तेव्हा कळलं की तिथे बाबासाहेबांनी सरकारी कायदा मोडलाच नव्हता. मुंबईच्या कौन्सिलात १९२३ ला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोले यांचा ठराव झाला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायले ते कायद्याने मिळालेलंच. लाठ्याकाठ्या घेऊन मारायला आले ते बाकीचे. म्हणजे मोडला तो गावाचा नियम, आणि त्याची शिक्षा कायद्याने वागणाऱ्यांना. कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं.

हे मी मध्येच का आणलं ते तुम्हाला कळलं असेलच. ज्याने गेल्या वर्षी मत्स्यव्यवसाय खात्याकडे तुमच्या लाइटची लेखी तक्रार दिली त्याच्या घरी शिमग्यात पालखी थांबली नाही. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला वाडीतलं कुणी फिरकलं नाही. त्याच्या बायकोच्या पाटीतली मासळी घेऊ नका असं बाजारात कुणी कुणाला सांगितलं तेही माहितीये. त्याने काय मोडलं होतं? काही नाही, तुम्ही मोडलेलं त्याने लिहून दिलं एवढंच. तुमच्या लाइटला जसा कायदा आहे तसा असं वाळीत टाकायलाही आहे, २०१६ चा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि लाखापर्यंत दंड, आणि तो करावा लागला त्यात आपल्या कोकणातल्या गावक्यांचा वाटा फार मोठा आहे, अभिमान वाटावा असा नाही. लाइटचं एक वेळ मी समजून घेईन, हे नाही.

लाइटचं समजून घेईन म्हणालो ते उगाच नाही. तुमचं रडगाणं सगळंच खोटं नाही. बोटीला कर्ज काढलंत तेव्हा बँकेनेही दिलं, परवाना देणाऱ्यांनीही हात आखडला नाही, मग २०१६ च्या फेब्रुवारीत आदेश आला की पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. चार महिन्यांच्या धंद्यावर बारा महिन्यांचे हप्ते. वर कर्नाटकातले हायस्पीड ट्रॉलर येऊन आपल्यासमोर ओढून जातात, त्यांना धरायला गस्तीची बोट कधी वेळेवर पोचत नाही. आता २०२५ पासून ड्रोन आलेत, बघू. नियम पाळणारा दरवेळी नुकसानीत जातो आणि मोडणाऱ्याचा बंगला होतो हे बघितल्यावर कुणाचंही डोकं फिरेल, माझंही फिरतं. आम्ही नाय मारला तर दुसरो मारतलो, हे तुमचं वाक्य मला कळतं. पटत नाही, पण कळतं.

मग भांडा ना त्यासाठी. तामिळनाडूतल्या पर्ससीनवाल्यांनी काय केलं, राज्याने बंदी घातली तर सुप्रीम कोर्टात गेले. २०२३ च्या जानेवारीत त्यांना १२ नॉटिकलच्या बाहेर मासेमारी करायला मिळाली, पण कशी, तर आठवड्यातून सोमवार आणि गुरुवार दोनच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दिवसाउजेडी! मला ते सगळं पटतं असं नाही, तिथले लहान मच्छीमार खूश नसणार. पण त्यांनी आपलं म्हणणं नावासकट कागदावर मांडलं आणि जे मिळालं ते अटींसकट घेतलं. तुमच्यातलं कोण कोर्टात गेलंय लाइट लावू द्या म्हणून? कुणीच जाणार नाही, कारण हे मागायला लाज वाटते हे तुम्हालाही आतून माहितीये, म्हणूनच ताडपत्री.

तर आता माझी मागणी, आणि काका, ही तुमच्याच वाक्यातून निघालीय. तुम्हाला हा सत्याग्रह वाटत असेल तर सत्याग्रहासारखा करा. येत्या अवसेच्या आधी आठ दिवस मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे एक अर्ज टाका, की आम्ही खाली सही करणारे अमुक तारखेला, अमुक नंबरच्या बोटी घेऊन, अमुक वाव पाण्यात एलईडी लावून एक अन्यायी कायदा मोडणार आहोत, तरी आपण पोलिसांसह हजर राहावे. खाली नावं, आधार नंबर, सह्या. त्याची एक प्रत सोसायटीच्या फळ्यावर लावा. अर्ज लिहून द्यायला मी येतो, माझं अक्षर बरं आहे.

मी इथे माझं नाव घालत नाही. उजेडात या म्हणून तुम्हाला सांगतोय आणि स्वतः नाव झाकतोय, हे मला दिसतंय. आईला अजून त्याच वाडीत राहायचंय आणि शिमगा दोन महिन्यांवर आलाय. पण होडी कुठली आणि कोण लिहितोय ते हे वाचून तुम्हाला पहिल्या चार ओळीतच कळलं असणार, आणि अर्ज तयार झाला की सोसायटीत निरोप ठेवा, मी पेन घेऊन येतो.

तुमचाच,
एक गिलनेटवाला